मातेचा प्याला आणि गर्भस्थ बालक : वारंवार हरवलेल्या एका ज्ञानाचा इतिहास

शास्ते या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात मानोहाच्या पत्नीस देवदूताचे दर्शन होते. तिला मूलबाळ नाही. तिला पुत्र होईल असे वचन मिळते आणि त्यासोबत एक आज्ञाही मिळते : तिने द्राक्षारस किंवा मद्य घेऊ नये. चौथ्या, सातव्या व चौदाव्या वचनांत, अशी तीन वेळा ही आज्ञा येते. मद्यनिषेधाच्या चळवळीतील उपदेशकांनी या अध्यायाचा आधार पुष्कळदा घेतला आहे. गर्भवतीने मद्य वर्ज्य करावे हे प्राचीनांना ठाऊकच होते, असे सांगताना वैद्यकीय लेखकही याच अध्यायाकडे बोट दाखवितात.

शास्त्राध्ययनाच्या दृष्टीने हे विधान जपून करावयास हवे. होणारा पुत्र, म्हणजे शमशोन, हा गर्भापासूनच नाजीर व्हावयाचा होता. आणि नाजीराने द्राक्षवेलीपासून झालेले सर्व काही वर्ज्य करावे असा नियम गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. माता गर्भारपणात पुत्राचे व्रत पाळते. म्हणूनच तिला मद्यासोबत अशुद्ध पदार्थही वर्ज्य सांगितले आहेत. आज्ञेचा हेतू समर्पणाचा आहे, आरोग्याचा नाही. अपत्याची इच्छा धरणाऱ्या स्त्रीपुरुषांनी रात्री मद्य घेऊ नये, असे प्लेटोने ‘लॉज’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी म्हटले आहे. परंतु तेथेही विचार आहे तो गर्भधारणेच्या वेळेचा. पुढील नऊ महिन्यांचा नव्हे. प्राचीनांच्या मुखी आजचे वैद्यक घालणे हा त्यांचा सन्मान होत नाही.

असे असले तरी शास्तेतील कथा एक गोष्ट निश्चित गृहीत धरते. माता जे घेते त्यात गर्भातील जीवाचा वाटा असतो. तिचे व्रत ते त्याचे व्रत, तिचा आहार तो त्याचा आहार. ही साधी गोष्ट वैद्यकीय सत्य म्हणून सिद्ध व्हावयास फार काळ लागला, आणि दृष्टीस पडल्यावरही ती पुन्हा पुन्हा हरवली. ती का हरवली याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. या इतिहासात धर्मोपदेशकांचा वाटा मोठा आहे, गौरवाचाही आणि खेदाचाही. म्हणून धर्मगुरू व धर्मशिक्षक यांनी तो जाणून घेणे अगत्याचे आहे असे आम्हांस वाटते.

१. लंडनमधील जिन

इ. स. १६९० मध्ये इंग्लंडच्या संसदेने धान्यापासून मद्यार्क गाळण्याच्या धंद्यास उत्तेजन देणारा कायदा केला. फ्रान्सशी युद्ध चालू असल्यामुळे तेथील ब्रँडी नको होती. जमीनदारांच्या धान्यास गिऱ्हाईक हवे होते. आणि सरकारास कराचे उत्पन्न हवे होते. या तिहेरी सोयीतून जिन नावाची स्वस्त व जहाल दारू लंडनच्या गरीब वस्त्यांत घरोघर पोहोचली. तोवर सामान्य लोकांचे पेय सौम्य बिअर हे होते. आता किराणा दुकानांत, तळघरांत आणि रस्त्यावरील हातगाड्यांवर जिन मिळू लागली, आणि ती पिणाऱ्यांत स्त्रियांची संख्या लक्षात येण्याइतकी होती.

१७२६ साली लंडनच्या वैद्यांच्या रॉयल कॉलेजने संसदेस एक निवेदन सादर केले. मद्यार्काच्या इतर दुष्परिणामांबरोबरच, दुर्बळ व रोगट मुलांचे ते एक वारंवार आढळणारे कारण आहे, असे या निवेदनात म्हटले होते. अशी मुले देशाचे बळ न ठरता देशावरील भार ठरतील, अशी पुस्तीही त्याला जोडलेली होती. ही पुस्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बालकाचे दुःख दिसले, पण त्याची गणना राष्ट्राच्या जमाखर्चात झाली.

या प्रश्नाकडे लक्ष वेधणाऱ्यांत धर्मगुरूही होते. टेडिंग्टनचे धर्मगुरू स्टीफन हेल्स यांचे नाव विज्ञानाच्या इतिहासात रक्तदाबाचे मापन प्रथम करणारे म्हणून घेतले जाते. त्यांनी १७३० च्या दशकात मद्यार्काविरुद्ध एक पुस्तिका लिहिली. मद्यपी मातांची बालके जन्मतःच लहानखुरी, सुकलेली आणि म्हाताऱ्यासारखी दिसतात, असे वर्णन त्या पिढीच्या पत्रकांत आढळते. उपदेशक आणि निरीक्षक या दोन भूमिका तेव्हा एकाच व्यक्तीत नांदू शकत होत्या, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे.

संसदेने १७२९ पासून एकामागून एक कायदे केले. १७३६ च्या कायद्याने किरकोळ विक्रेत्यांवर वार्षिक ५० पौंडांचा परवाना लादला. त्यातून चोरटी विक्री आणि दंगली एवढेच निष्पन्न झाले, आणि १७४३ मध्ये तो मागे घ्यावा लागला. १७५१ चा कायदा अधिक विचारपूर्वक केलेला होता. पुढे धान्यही महागले आणि जिनचा खप उतरला. त्याच १७५१ साली विल्यम होगार्थ या चित्रकाराचे ‘जिन लेन’ हे प्रसिद्ध चित्र निघाले. चित्राच्या मध्यभागी नशेत बेभान झालेली एक माता आहे आणि तिच्या हातून तिचे मूल जिन्याच्या कठड्यावरून खाली पडत आहे. या चित्राने जनमत जागे केले यात संशय नाही. पण १६९० चा कायदा करणारे, धान्य विकणारे आणि कर गोळा करणारे या चित्रात कोठेही नाहीत. पाहणाऱ्याच्या नजरेत भरते ती एकटी माता.

२. लिव्हरपूलचा तुरुंग

एकोणिसाव्या शतकात हा विषय पुन्हा पुढे आला. १८३४ मध्ये जेम्स सिल्क बकिंगहॅम यांच्या अध्यक्षतेखाली ब्रिटिश संसदेच्या समितीने मद्यपानाची चौकशी केली. हे बकिंगहॅम पूर्वी कलकत्त्यास वृत्तपत्र चालवीत असत आणि कंपनी सरकारने १८२३ मध्ये त्यांना हिंदुस्थानातून घालवून दिले होते. मद्यपी मातांची अर्भके कृश व अपुऱ्या वाढीची दिसतात, अशी साक्ष त्यांच्या समितीपुढे नोंदविली गेली.

परंतु लवकरच या निरीक्षणावर एक सिद्धांत स्वार झाला. १८५७ मध्ये बेनेडिक्ट मोरेल या फ्रेंच वैद्याने ऱ्हासाचा सिद्धांत मांडला : व्यसनाचा दोष बीजात उतरतो आणि पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाऊन अखेर वंश खुंटतो. वाडवडिलांचे दोष तिसऱ्या व चौथ्या पिढीपर्यंत भोगावे लागतात, या शास्त्रवचनाचा नवा वैज्ञानिक पुरावा म्हणून अनेक व्यासपीठांवरून हा सिद्धांत सांगितला गेला. त्यामुळे एक मूलभूत प्रश्न झाकला गेला. मुलाला बाधा होते ती पित्याच्या किंवा मातेच्या बिघडलेल्या बीजामुळे, की गर्भारपणी मातेच्या रक्तातून प्रत्यक्ष पोहोचणाऱ्या मद्यामुळे? पहिले खरे असेल तर जे झाले ते झाले. दुसरे खरे असेल तर गर्भारपणात मद्य थांबविताच पुढील बाधा टळते. उपदेशाच्या दृष्टीने हा फरक किरकोळ वाटेल. मातेच्या दृष्टीने तो आशा आणि निराशा यांमधील फरक आहे.

या प्रश्नाचे उत्तर एका तुरुंगात मिळाले. विल्यम सलिव्हन हे लिव्हरपूलच्या तुरुंगात वैद्यकीय अधिकारी होते. १८९९ मध्ये त्यांनी १२० मद्यपी कैदी स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. या स्त्रियांच्या ६०० मुलांपैकी ३३५ मुले मृतावस्थेत जन्मली होती किंवा दोन वर्षांच्या आत दगावली होती. सलिव्हन येथेच थांबले नाहीत. त्याच स्त्रियांच्या नात्यातील, मद्य न घेणाऱ्या २८ स्त्रियांची माहिती त्यांनी मिळविली. त्यांच्या १३८ मुलांपैकी अशा रीतीने दगावलेली मुले ३३ होती. रक्त तेच, परिस्थितीही बरीचशी सारखी, फरक मद्याचा. मातेचे व्यसन जसे जुने होत जाई तसा तिच्या नंतरच्या मुलांचा मृत्यूचा आकडा चढत जाई, हेही त्यांना आढळले.

सर्वांत बोलके निरीक्षण निराळेच होते. यांपैकी काही स्त्रिया गर्भारपणात तुरुंगात होत्या आणि त्यामुळे त्यांना मद्य मिळत नव्हते. आधीची मुले गमावलेल्या अशा स्त्रियांनाही त्या खेपेस निरोगी मूल झाले. म्हणजे बीज कायमचे नासलेले नव्हते, आणि वंशाला शापही नव्हता. ऱ्हासाच्या सिद्धांताला यापेक्षा स्पष्ट उत्तर देणे कठीण होते.

३. ज्ञान कसे हरवले

सलिव्हन यांचे निष्कर्ष पुढे जावयास हवे होते. पण ते मागे पडले. १९१० मध्ये कार्ल पिअर्सन आणि एथेल एल्डर्टन यांनी लंडनच्या गाल्टन प्रयोगशाळेतून एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळकरी मुलांच्या आकडेवारीवरून त्यांनी असे मत दिले की आईबापांच्या मद्यपानाचा मुलांच्या देहबुद्धीवर म्हणण्यासारखा परिणाम दिसत नाही. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी या अभ्यासाच्या पद्धतीवर कडक टीका केली. मद्यनिषेधवादी खवळले. वाद विकोपास गेला, आणि मातेच्या उदरातील मुलाचा प्रश्न चळवळीच्या हारजितीचा प्रश्न बनून गेला.

अमेरिकेत १९२० मध्ये दारूबंदी आली आणि १९३३ मध्ये ती उठली. पराभूत चळवळीबरोबर तिने पुढे केलेले पुरावेही बदनाम झाले. आपण उपदेशक नसून शास्त्रज्ञ आहोत हे दाखविण्याची नव्या संशोधकांना निकड वाटू लागली. येल विद्यापीठातील हॉवर्ड हॅगर्ड आणि ई. एम. जेलिनेक यांनी १९४२ मध्ये, मद्यामुळे गर्भास प्रत्यक्ष बाधा होते याला ग्राह्य पुरावा नाही, असे मत मांडले. मद्यपी मातांची मुले दुर्बळ दिसतात ती कुपोषणामुळे व घरच्या हलाखीमुळे, अशी समजूत वैद्यकात रूढ झाली.

या विस्मरणाची किंमत केवढी होती ते एका उदाहरणावरून कळेल. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये फ्रिट्झ फुक्स या प्रसूतितज्ज्ञाने अकाली सुरू झालेल्या कळा थांबविण्यासाठी गर्भवतीच्या शिरेतून मद्यार्क देण्याची पद्धत सुरू केली. हेतू बालकाला वाचविण्याचा होता. ही पद्धत १९७० च्या दशकातही अनेक रुग्णालयांत चालू होती. लिव्हरपूलच्या तुरुंगातील नोंदींनंतर सुमारे ६५ वर्षांनी, वैद्य स्वतःच्या हाताने गर्भवतीला मद्य देत होते.

आमच्या समजुतीप्रमाणे याचा बोध असा आहे. हे सत्य निरीक्षण म्हणून मांडले गेले तेव्हा त्यातून मार्ग दिसला. ते पापाच्या शिक्षेचा दाखला म्हणून मांडले गेले, तेव्हा श्रोत्यांनी त्या धाकाचा जाच झुगारून दिला आणि त्यासोबत सत्यही झुगारून दिले. व्यासपीठावरून अतिशयोक्ती झाली की तिचे प्रायश्चित्त सत्याला भोगावे लागते.

४. नांत आणि सिॲटल

फ्रान्समधील नांत शहरी पॉल लेमवान हे बालरोगतज्ज्ञ होते. मद्यपी आईबापांच्या मुलांचे चेहरे एकमेकांच्या चेहऱ्यांशी विलक्षण जुळतात हे त्यांच्या ध्यानी आले. १९६८ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६९ कुटुंबांतील १२७ मुलांची माहिती एका प्रादेशिक वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. लेख फ्रेंच भाषेत होता, नियतकालिक लहान होते, आणि विषय वैद्यकात कालबाह्य समजला जात होता. त्याकडे जवळजवळ कोणाचेही लक्ष गेले नाही.

पाच वर्षांनी, १९७३ मध्ये, अमेरिकेतील सिॲटल येथे तीच गोष्ट स्वतंत्रपणे दिसून आली. क्रिस्टी युलेलँड या तरुण स्त्रीडॉक्टरला वजन न वाढणाऱ्या अर्भकांच्या माता मद्यपी असल्याचे आढळले होते. केनेथ जोन्स, डेव्हिड स्मिथ, युलेलँड आणि मानसशास्त्रज्ञ ॲन स्ट्राइसगथ यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आठ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही मुले तीन भिन्न वंशांची होती, त्यांचे एकमेकांशी नाते नव्हते, पण चेहऱ्यांची ठेवण सारखी होती. त्याच वर्षीच्या पुढील लेखात या अवस्थेस ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’, म्हणजे गर्भावस्थेतील मद्यबाधेचा लक्षणसमूह, असे नाव देण्यात आले. नाव मिळाल्यावर मात्र हे ज्ञान पुन्हा हरवले नाही. १९८१ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी गर्भवतींना मद्य वर्ज्य करण्याचा सल्ला दिला. १९८८ च्या कायद्यान्वये तेथील बाटल्यांवर तसा इशारा छापणे सक्तीचे झाले.

५. आज आपल्याला काय ठाऊक आहे

मातेने घेतलेले मद्य वारेतून सहज पलीकडे जाते आणि थोड्याच वेळात गर्भाच्या रक्तात त्याचे प्रमाण मातेच्या रक्तातील प्रमाणाच्या जवळपास पोहोचते. मद्य पचविण्याइतके गर्भाचे यकृत परिपक्व नसते. ज्या पाण्यात गर्भ तरंगत असतो त्यातही मद्य साठते आणि मातेची नशा उतरल्यावरही तेथे टिकून राहते. १९८१ मध्ये कॅथलीन सुलिक यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की चेहऱ्याची विशिष्ट ठेवण बिघडते ती मानवी गर्भाच्या सुमारे तिसऱ्या आठवड्याशी जुळणाऱ्या काळात. या वेळेस पुष्कळ स्त्रियांना आपण गर्भवती आहोत याचा पत्ताही नसतो. मेंदूची घडण मात्र नऊही महिने चालू असते. म्हणून बाधेचा धोकाही नऊही महिने असतो. निर्धास्तपणे घेता येईल असे प्रमाण आढळलेले नाही, आणि निर्धास्त असा महिनाही नाही. बिअर, द्राक्षमद्य, फेणी, मोहाची दारू यांत या बाबतीत भेद नाही. सर्वांत मद्यार्क एकच.

चेहऱ्याची मुख्य लक्षणे तीन : डोळ्यांच्या फटी आखूड असणे, नाक व वरचा ओठ यांमधील पन्हळ सपाट असणे, आणि वरचा ओठ पातळ असणे. यांसोबत वाढ खुंटते व मेंदूच्या कार्यात दोष राहतो. परंतु मद्यबाधा झालेल्या बहुसंख्य मुलांचे चेहरे इतर मुलांसारखेच असतात. दोष असतो तो आतला, मेंदूतला. म्हणून आज या सर्व अवस्थांना मिळून व्यापक नाव दिले जाते आणि चेहऱ्याचे लक्षण हा त्यातील केवळ एक भाग मानला जातो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार गर्भारपणात मद्य घेणाऱ्या दर १३ स्त्रियांपैकी एकीच्या मुलास अशी बाधा होते, आणि जगात दर वर्षी सुमारे ६,३०,००० बाधित मुले जन्मतात.

हा प्रश्न आपला नाही, असे कोणी म्हणेल. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील प्रौढ स्त्रियांपैकी मद्य घेणाऱ्या सुमारे शेकडा एक आढळल्या, आणि पुरुष शेकडा एकोणीस. गोव्यात मात्र हेच आकडे शेकडा पाच आणि शेकडा सदतीस यांच्या आसपास होते. पाहणीत कबूल न केलेले मद्यपान यात आलेले नाही. आपल्याकडे बाटलीवरील इशाऱ्याचा मजकूर २०१८ च्या नियमांनी ठरवून दिला तेव्हा त्यात आरोग्याचा आणि वाहन न चालविण्याचा उल्लेख होता, गर्भवतीचा नव्हता.

६. कारण आणि अपराध

येथे आपण ईशज्ञानाच्या प्रश्नाशी येतो. योहानाच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, की हा कोणाच्या पापाचा परिणाम. याच्या स्वतःच्या की आईबापांच्या? प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो. यहेज्केलही अठराव्या अध्यायात, आईबापांनी आंबट द्राक्षे खावीत आणि मुलांचे दात आंबावेत, ही म्हण इस्राएलात यापुढे चालावयाची नाही असे बजावतो.

यावर कोणी प्रामाणिक वाचक आक्षेप घेईल की येथे तर मुलाचे दात खरोखरच आंबले आहेत. मातेच्या पिण्याने मुलाला बाधा झाली हे विज्ञानच सांगते. आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. उत्तर असे, की कारण वेगळे आणि अपराध वेगळा. मातेच्या रक्तातील मद्य हे बाधेचे कारण आहे, हे निर्विवाद. परंतु गंभीर पापाला पूर्ण जाणीव व मुक्त संमती लागते, ही नीतिशास्त्राची जुनी शिकवण आहे. आपण गर्भवती आहोत हे जिला ठाऊक नव्हते, मद्याने गर्भाला बाधा होते हे जिला कोणी सांगितले नाही, जिची इच्छाशक्ती व्यसनाने जखडली आहे, किंवा जिला घरातल्या मारहाणीतून दुसरा विसावा सापडला नाही, तिच्या अपराधाचे माप घेण्याचा अधिकार आपला नाही.

शिवाय कारणांची साखळी मातेपाशी संपत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतात द्राक्षमळ्यांच्या मालकांनी पिढ्यान्‌पिढ्या मजुरांना मजुरीचा काही भाग म्हणून मद्य दिले. दिवसातून अनेक वेळा मजुरांचे प्याले भरले जात. ‘डॉप’ नावाची ही पद्धत १९६० च्या दशकात कायद्याने बंद झाली, पण प्रत्यक्षात पुढेही रेंगाळली. त्याच प्रदेशातील वेलिंग्टन गावी १९९७ मध्ये पहिलीच्या मुलांची तपासणी झाली, तेव्हा दर हजारी ४० हून अधिक मुलांत ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ची पूर्ण लक्षणे आढळली. तोपर्यंत जगात कोठेही इतके प्रमाण नोंदले गेले नव्हते. या मुलांच्या अवस्थेचा जाब फक्त त्यांच्या मातांना विचारणे हा न्याय होणार नाही. दुसरे योहान पॉल यांनी १९८४ च्या आपल्या प्रबोधनपत्रात सामाजिक पापाविषयी जे विवेचन केले, त्याचे हे ठळक उदाहरण होय.

दूषण देण्याने काय होते तेही इतिहासात नमूद आहे. १९९० मध्ये अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात पतीने मारहाण केल्यामुळे मदत मागावयास गेलेल्या एका गर्भवतीवर, ती मद्य प्यालेली असल्याचे आढळताच, मुलाला इजा केल्याचा आरोप ठेवण्यात आला. तो पुढे टिकला नाही. पण अशी बातमी ऐकणारी दुसरी गर्भवती दवाखान्याची पायरी चढेल काय?

७. आपल्या सेवेतील काही गोष्टी

प्रतिबंधाची सुरुवात विवाहपूर्व तयारीवर्गापासून व्हावी. मुलाची इच्छा धरल्यापासूनच मद्य सोडावे, हे वधू आणि वर या दोघांनाही एकत्र बसवून सांगावे. पती पीत राहिला तर पत्नीला सोडणे जड जाते. त्याने नऊ महिने तिच्यासोबत व्रत पाळावे. मानोहाही पत्नीबरोबर देवदूतापुढे जाऊन मुलासाठी काय करावयाचे ते विचारतो, हे वरांना आवर्जून सांगण्यासारखे आहे. लग्न-बारशाच्या घरी गर्भवतीला आग्रहाने पेला देणे, शक्ती येण्यासाठी ब्रँडीचा घोट पाजणे, या रीती वडीलधाऱ्यांशी प्रेमाने बोलून बंद कराव्यात. आसवे व अरिष्टे यांतही आंबण्याच्या क्रियेने मद्यार्क तयार होतो. ती गर्भारपणात वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. जिने नकळत काही घेतले असेल तिला धीर द्यावा. आज थांबल्यानेही बालकाचे हित होते, हे लिव्हरपूलच्या तुरुंगाने दाखविले आहे. मात्र जिला रोज पुष्कळ पिण्याची सवय आहे तिने एकाएकी सोडणे धोक्याचे ठरू शकते. तिला विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना आपल्या आवारात जागा देणे हीही सेवाच आहे.

ओळखण्याचे काम डॉक्टरांचे आहे. चेहरा पाहून निदान करण्याचा मोह आपण टाळावा. तथापि धर्मशिक्षकाच्या दृष्टीस काही गोष्टी इतरांच्या आधी पडतात. एखादे मूल या रविवारी प्रार्थना बिनचूक म्हणते आणि पुढच्या रविवारी त्याला ती आठवत नाही. शिक्षा केली तरी तीच चूक पुन्हा करते, कारण कृती आणि परिणाम यांची सांगड त्याला घालता येत नाही. वेळ आणि पैसा यांचा हिशोब जमत नाही. गोड बोलते, सर्वांवर विश्वास टाकते आणि सहज फसविले जाते. अशी लक्षणे इतर कारणांनीही दिसू शकतात. पण अशा मुलाला हट्टी किंवा खोटारडे ठरविण्यापूर्वी, हे त्याला करावयाचे नाही की करता येत नाही, असा प्रश्न शिक्षकाने स्वतःला विचारावा. छोट्या सूचना, एका वेळी एकच गोष्ट, चित्रे, रोजचा ठरलेला क्रम आणि न कंटाळता पुनरावृत्ती यांनी अशी मुले शिकतात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची तपासणी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र उपचार केंद्रे यांची तरतूद आहे. आईबापांना तेथे जाण्यास साहाय्य करावे. ही बाधा बरी होत नाही. पण १९९६ मध्ये पूर्ण झालेल्या स्ट्राइसगथ यांच्या ४१५ व्यक्तींच्या अभ्यासात असे दिसले, की ज्यांचे निदान सहा वर्षांच्या आत झाले आणि ज्यांना स्थिर, मायेचे व मारहाण नसलेले घर मिळाले, त्यांचे पुढील आयुष्य पुष्कळ सुसह्य झाले.

व्यासपीठावरून हा विषय बोलावयाचा तेव्हा मंडळीतील कोणत्याही मुलाकडे उदाहरण म्हणून बोट जाणार नाही याची खबरदारी घ्यावी. एखादी माता पापनिवेदनात किंवा घरभेटीत ही गोष्ट स्वतः बोलली, तर ती आपला भार आपल्यापाशी उतरवीत आहे हे ओळखावे. तिच्या बोलण्यावर निर्णय देण्याची घाई करू नये. तिला क्षमेचे आश्वासन मिळाले पाहिजे, आणि मुलासाठी पुढे कोणाकडे जावयाचे ते पत्त्यासह कळले पाहिजे.

१ शमुवेलच्या पहिल्या अध्यायात शिलो येथे मंदिराच्या दाराशी एली याजक बसलेला आहे. मुलासाठी आसुसलेली हन्ना ओठांतल्या ओठांत प्रार्थना करीत असते आणि एलीला ती प्यालेली वाटते. तो तिला खडसावतो. ती शांतपणे उत्तर देते की आपण मद्य घेतलेले नाही, आपण दुःखी आहोत. एली तिचे ऐकून घेतो, आपला शब्द पुढे रेटत नाही, आणि तिला आशीर्वाद देऊन पाठवितो. आपल्यापुढे येणारी एखादी स्त्री खरोखर प्यालेली असेल, एखादी नसेल. दोघींनाही याजकाकडून प्रथम हवे असते ते ऐकून घेणे. आणि हन्नाच्या बाबतीत उशिरा का होईना, ते एलीला साधले.